शेणव्याच्या पावसाला पुरणारी मांडणी

शहापूर तालुक्यातल्या शेणव्यापासून मुरबाडच्या सरळगाव-टोकावड्यापर्यंत कोणत्याही गावात जा, एखाद्या तरी घराच्या पडवीत छोटेसे वर्कशॉप थाटलेले दिसते. कुणी पाण्याच्या मोटारी भरून देतो, कुणी खिडक्यांची ग्रिल वेल्डिंग करतो, कुणाचा भाताच्या शेतीपुरता ग्राइंडर, ड्रिल, फवारणी पंप आणि गवत कापायचे यंत्र एवढाच संसार असतो. हत्यारे वर्षागणिक वाढतात, पडवी मात्र तेवढीच राहते. पाने-पकडी गोणपाटात जातात, ग्राइंडर जमिनीवर कोपऱ्यात बसतो आणि गणपती येईपर्यंत सगळ्यावर तांबूस पूड चढलेली असते. यावर साधा आणि पुष्कळ वर्षे पुरणारा उपाय म्हणजे भक्कम लाकडी मांडणी. पण ती पुण्या-नाशकाच्या दुकानात पाहिलेल्या रॅकची नक्कल असून चालत नाही, कारण इथला पाऊस वेगळा. मुंबईला पाणी देणारे तानसा आणि भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यातच आहेत. तानसाचे धरण १८९२ सालचे, म्हणजे इथे किती पाणी पडते हे सव्वाशे वर्षांपूर्वीच ओळखलेले होते. अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात मांडणीचा पहिला विचार ओलीचा करायचा आणि दुसरा वजनाचा. बहुतेक मांडण्या नेमक्या उलट क्रमाने बांधल्या जातात, म्हणून फसतात.

हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंज चढायचा वेग एकदम वाढतो. जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवा आठवडेच्या आठवडे ८० ते ९० टक्क्यांवर असते. त्यात वाइस किंवा मोटारीची बॉडी यांसारखे जड लोखंड पहाटे गार पडते आणि सकाळी दमट वारा आला की त्यावर पाण्याचा बारीक थर धरतो. हाताच्या घामातले मीठ आणि ग्राइंडिंगची धूळ लागलेली असेल तर गंजाला आणखी सोपे. ओल सर्वांत जास्त असते जमिनीलगत, मग जमीन शेणाने सारवलेली असो की कोबा केलेली. त्याखालोखाल भिंतीलगत. म्हणून मांडणीचा सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून निदान नऊ इंच वर हवा, पाठ भिंतीपासून दोन इंच सुटी हवी आणि कप्प्यांना सलग फळी न घालता फटी ठेवून पट्ट्या बसवायला हव्यात. वारा खालून वर आणि मागून पुढे फिरला की ओल एका जागी थांबत नाही; लोखंडाचा कीस आणि भुसाही फटींतून खाली पडून जातो. दारे लावलेले बंद कपाट दिसायला नीटनेटके असते, पण पावसाळ्यात आत अडकलेली दमट हवा बाहेर पडायला वाटच नसते. ड्रिलचे बिट, व्हर्नियर, मल्टिमीटर अशा नाजूक वस्तूंसाठी घट्ट झाकणाचा एक डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या पुरेशा होतात. बाकी सगळे उघड्यावर, वाऱ्यावर.

आता लाकूड. या भागात याविषयी बोलायला पुष्कळ आहे, कारण चांगले लाकूड बहुतेकांच्या परसातच पडलेले असते. कौलारू घरे पाडून स्लॅबची घरे बांधली जात आहेत आणि जुने वासे, तुळया, चौकटी पावसात कुजत पडतात किंवा चुलीत जातात. मला हे पाहवत नाही. त्या वाशांनी कैक पावसाळे छपराखाली काढलेले असतात. चुलीचा धूर खाऊन त्यांना किडीपासून थोडे संरक्षणही मिळालेले असते आणि जेवढे आकसायचे, वाकायचे तेवढे ते केव्हाच आकसून-वाकून झालेले असतात. नव्या कापलेल्या लाकडाला हे कुठून यावे? जुने लाकूड निवडताना हातोडीने ठोकत जावे. खणखणीत आवाज आला तर आत सलग आहे, बद्द आवाज आला तर वाळवीने किंवा किड्याने पोकळ केलेले आहे. कापायला नेण्याआधी त्यावरून चुंबक फिरवावे. आत राहिलेला एक जुना खिळा गोल करवतीचे पाते तर खराब करतोच, शिवाय दाते उडून डोळ्याला इजा होऊ शकते.

जुने मिळत नसेल तर वखार. सागाचे नाव सगळे घेतात आणि ते रास्तच आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागात बांधलेले ‘ट्रिंकोमली’ हे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरले आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. पण सागाचा हा टिकाऊपणा फक्त गाभ्याच्या तपकिरी लाकडात असतो. बाहेरचा फिकट भाग किडीला आणि बुरशीला इतर साध्या लाकडाइतकाच बळी पडतो, आणि स्वस्त सागाच्या पट्ट्यांत हाच भाग भरपूर असतो. ऐन जड आणि चिवट, पायांसाठी उत्तम; मात्र वाळताना तडकतो आणि आधी भोक पाडल्याशिवाय त्यात स्क्रू जात नाही. शिवण हलकी आणि शांत लाकडाची, कप्प्याच्या पट्ट्यांना छान. फणसही चालतो. आंबा स्वस्त मिळतो, पण त्याला किडा लवकर लागतो आणि खाली पिवळसर पूड पडू लागते. निलगिरी वाळताना पीळ घेते, म्हणून मांडणीच्या पायांना ती घेऊ नये. भिवंडीच्या गोदामांतून निघालेल्या पॅलेटची पाइनची फळकुटेही हल्ली बाजारात येतात. परदेशातून आलेल्या पॅलेटवर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ ही अक्षरे असली तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान अर्धा तास तापवून निर्जंतुक केलेले आहे. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घरात आणू नये.

आपल्या बांधावरचे झाड तोडायचा विचार असेल तर आधी कायदा समजून घ्यावा. वृक्षतोडीचे नियमन करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९६४ च्या कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, मोह, आंबा, फणस, जांभूळ ही सगळी झाडे आहेत. ती स्वतःच्या जमिनीत असली तरी तोडायला परवानगी लागते. साग किंवा खैर रस्त्याने न्यायचा तर वनखात्याचा पासही लागतो. आदिवासी खातेदाराच्या जमिनीतल्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांची झाडे कवडीमोलाने उचलली जाऊ नयेत म्हणून तो आहे, आणि शहापूर-मुरबाडसारख्या भागात त्याची माहिती प्रत्येक घरात असायला हवी. वखारीतून घेतलेल्या लाकडाची पावती मांडणी जुनी होईपर्यंत जपावी.

लाकूड आणले की लगेच करवत चालवू नये. ओले लाकूड वाळताना त्यातले पाणी सुमारे २८-३० टक्क्यांच्या खाली उतरले की आकसायला लागते आणि तेही सगळीकडे सारखे नाही. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही, रुंदीत मात्र ठळक पडतो. पावसाळ्यातल्या १८ टक्के ओलीपासून फाल्गुन-चैत्रातल्या ११ टक्क्यांपर्यंत सागाची सहा इंच रुंद फळी दोन मिलिमीटरपर्यंत आकसू शकते. ऐनासारखे लाकूड त्याहून जास्त. आषाढ-श्रावणात घराची दारे चौकटीत अडकतात ती याच कारणाने. म्हणून कप्प्यांना सहा-आठ इंची फळ्या न वापरता अडीच इंची पट्ट्या आणि मध्ये अर्ध्या इंचाची फट हा हिशेब मला सर्वांत शहाणा वाटतो. पट्टी फुगली तरी शेजारच्या पट्टीला रेटत नाही.

लाकूड वाळले की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. सावलीत, जमिनीपासून वर, प्रत्येक थरामध्ये रिपा घालून चट्टा लावावा आणि कापलेल्या टोकांना रंग किंवा मेण फासावे, म्हणजे टोके आधी वाळून तडकत नाहीत. एका पट्टीवर खूण करून ती किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दर आठवड्याला तोलावी. वजन उतरायचे थांबले की ती पट्टी तिथल्या हवेशी जुळली. नेमका आकडा हवा असेल तर छोटा तुकडा तोलून घ्यावा, ओव्हनमध्ये शंभरेक अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा आणि कमी झालेले वजन कोरड्या वजनाने भागावे. ५०० ग्रॅमचा तुकडा ४३० ग्रॅमवर आला तर ७० भागिले ४३०, म्हणजे १६ टक्के ओल होती. मांडणी बांधायला मार्च ते मे हा काळ उत्तम. तेव्हा लाकूड जास्तीत जास्त कोरडे असते, भाताची कामेही सुरू झालेली नसतात.

बांधायला बसण्याआधी काय-काय ठेवायचे ते एकदा जमिनीवर मांडून तोलून घ्यावे. अंदाज नेहमी कमी पडतो. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी ५५-६० किलोंची असते. सोळा लिटरचा पाठीवरचा फवारणी पंप भरला की वीस किलोंच्या घरात जातो. जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मरवाला वेल्डिंग सेट एकट्याला उचलत नाही. यांतली बॅटरी या मांडणीत ठेवूच नये, कारण चार्ज होताना तिच्यातून निघणारा आम्लाचा बाष्पांश शेजारच्या हत्यारांना गंजवतो आणि हायड्रोजन वायू ठिणगीने पेटू शकतो. तिला वेगळा, हवेशीर कोपरा द्यावा. कीटकनाशकांच्या बाटल्याही इथे नकोत. त्या कुलपात, मुलांच्या हाताबाहेर.

घरगुती कामाला सहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि सव्वा फूट खोल, चार कप्प्यांची मांडणी पुरते. पाय दोन इंच बाय दोन इंचांचे. पुढे आणि मागे तीन इंच उंच, एक इंच जाड आडपट्ट्या उभ्या बसवायच्या आणि त्यांवर पाऊण इंच जाड पट्ट्या पुढून मागे आडव्या टाकायच्या. ही दिशा महत्त्वाची आहे. पट्ट्या तीन फुटांच्या लांबीने घातल्या तर सगळे वजन त्या पातळ पट्ट्यांनी पेलायचे. सव्वा फुटाच्या खोलीने घातल्या तर त्या जरासुद्धा वाकत नाहीत आणि वजन उभ्या आडपट्ट्यांवर जाते, जे काम आडपट्ट्या सहज करतात.

असे का, हे एकदा समजले की कुठल्याही मापाची मांडणी आपली आपण ठरवता येते. फळीचा झोल तिच्या लांबीच्या घनाबरोबर वाढतो आणि जाडीच्या घनाबरोबर कमी होतो. तेच वजन आणि तीच फळी, पण टेकूंमधले अंतर निम्मे केले तर झोल आठव्या भागावर येतो. जाडी दुप्पट केली तरी तेच. एक उदाहरण घेऊ. अठरा मिलिमीटरचा प्लाय, एक फूट खोल, तीन फुटांवर टेकलेला आणि त्यावर सारखे पसरलेले ४० किलो. तो मध्ये चार मिलिमीटरच्या आसपास झुकतो, आणि वजन वर्षानुवर्षे तसेच राहिले तर हळूहळू त्याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो, कारण लाकूड सततच्या भाराखाली सावकाश सैल होत जाते. त्याच प्लायच्या पुढच्या कडेला दोन इंच उंच, एक इंच जाड सागाची पट्टी उभी स्क्रूने धरली तर झोल साधारण चौथाईवर येतो. लाकूड आडवे टाकण्याऐवजी उभे धरले एवढाच फरक. तीन इंच उंचीच्या दोन आडपट्ट्यांवर तर ६० किलोंनाही झोल अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहतो. फर्निचरच्या दुकानात मिळणारी पार्टिकल बोर्डची रॅक या भागात घेऊ नये, असे मी अगदी ठामपणे सांगेन. ओल लागली की तो बोर्ड फुगतो, आणि फुगलेला पुन्हा मूळ जाडीवर येत नाही.

सांध्याचा भाग सर्वांत नाजूक. घाईत बांधलेल्या मांडणीत आडपट्टी पायाला नुसती खिळ्यांनी ठोकलेली असते, म्हणजे सगळे वजन त्या दोन-तीन खिळ्यांवर. पाऊस आला की ओल्या लाकडात खिळा गंजतो, भोक सैल होते आणि एके दिवशी कप्पा तिरका होतो. ऐन, खैर, बाभूळ यांच्यात टॅनिन भरपूर असते, त्यामुळे लोखंडी खिळ्याभोवती लाकूड काळे पडते आणि खिळाही लवकर गंजतो. यावर उपाय जुन्या सुतारांचाच आहे: वजन लाकडाने लाकडावर उतरवायचे. पायाला अर्धा इंच खोल खाच घ्यावी आणि आडपट्टी त्या खाचेत बसवावी. दोन इंच रुंद पायात अर्ध्या इंचाची खाच म्हणजे एक चौरस इंचाचा टेकू. एवढ्याशा टेकूवर सागाची पट्टी शंभर किलो बिनघोर उतरवते, आणि प्रत्येक कप्प्याला असे चार टेकू मिळतात. स्क्रूचे काम उरते ते पट्टी खाचेतून बाहेर सरकू न देण्याचे. स्क्रू जस्ताचा थर दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. पुढचा आणि मागचा पाय जोडणाऱ्या बाजूच्या छोट्या पट्ट्या पुढच्या आडपट्टीच्याच उंचीवर घेऊ नयेत. तीन इंच खाली घ्याव्यात, म्हणजे पायात एकाच जागी दोन खाचा पडून तो कमकुवत होत नाही. ज्याला पटाशी चांगली चालवता येते त्याने खाचेऐवजी भोक आणि कुसू करावे, ते आणखी भक्कम. पण नवख्याने केलेल्या सैल कुसूपेक्षा नीट बसलेली खाच कितीतरी बरी. खाच आधी जरा अरुंद घ्यावी आणि पट्टी हातोडीच्या हलक्या ठोक्याने बसेल इतकी पटाशीने मोकळी करत जावी.

चारी पाय आणि आडपट्ट्या जोडल्या तरी मांडणी डावी-उजवीकडे डुलते. चौकोन किती घट्ट बांधला तरी कोपऱ्यांत सरकतो, त्रिकोण सरकत नाही. म्हणून पाठीमागे वरच्या एका कोपऱ्यापासून खालच्या विरुद्ध कोपऱ्यापर्यंत दोन इंची तिरपी पट्टी मारावी आणि प्रत्येक कप्प्याच्या मागच्या आडपट्टीला तिचा स्क्रू घ्यावा. बाजूंना कोपऱ्यात छोटे तिरपे तुकडे पुरतात. तिरपी पट्टी मारण्याआधी मांडणी काटकोनात आहे का ते पाहायचे. दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले की झाले. एक जास्त आला तर त्या कर्णाची टोके जवळ ढकलावीत, पुन्हा मोजावे, मगच पट्टी ठोकावी. एवढे पाच मिनिटांचे काम टाळल्यामुळे वाकडी राहिलेली मांडणी पुढे कधीच सरळ करता येत नाही.

लाकूड घ्यायला जाताना घनफुटांचा हिशेब स्वतः करून जावा. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन गुणाकाराला १४४ ने भागले की घनफूट मिळतात. वरच्या मापाने चार पायांना पाऊण घनफुटाच्या आत, आडपट्ट्यांना सुमारे ०.७ आणि कप्प्यांच्या पट्ट्यांना ०.८ घनफूट लागते. तिरप्या पट्ट्या आणि कापण्यातली नासधूस धरून पावणेतीन घनफुटांत सगळी मांडणी होते. रंधा मारल्यावर प्रत्येक बाजूने एक-दोन मिलिमीटर जाते, हे वखारीतच लक्षात घ्यावे.

पाय कुठे टेकतात याकडे जुन्या घरांनी जेवढे लक्ष दिले तेवढे आपण देत नाही. गावातल्या कौलारू घराचा खांब कधीही थेट जमिनीत नसे, दगडी उथळ्यावर उभा असे. झाडात ज्या नळ्यांतून पाणी मुळाकडून शेंड्याकडे चढते त्यांची तोंडे कापलेल्या टोकाला उघडी असतात, म्हणून लाकूड पाणी शोषते ते मुख्यतः टोकाने. मांडणीच्या पायांची टोके डांबरात किंवा वितळलेल्या मेणात बुडवावीत आणि प्रत्येक पायाखाली सपाट दगड किंवा फरशीचा तुकडा घालावा. वाळवी जमिनीतून मातीची नळी बांधत वर येते. पाय दगडावर आणि पाठ भिंतीपासून सुटी असली की ती नळी लपून चढू शकत नाही, लगेच दिसते आणि झाडूने मोडता येते.

सव्वा फूट खोल आणि सहा फूट उंच मांडणी मुलाने वर चढायचा प्रयत्न केला तर पुढे कलंडू शकते. जड सामान खालच्या दोन कप्प्यांत ठेवावेच, शिवाय वरून तिला बांधलेही पाहिजे. विटांची भिंत असेल तर रावलप्लग आणि लोखंडी कोन पुरतो. मधले दोन इंचांचे अंतर राखायला लाकडी ठोकळा घालावा. पण या पट्ट्यात कारवीच्या कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती अजून पुष्कळ घरांना आहेत आणि त्यांत कुठलाही प्लग धरत नाही. अशा घरात मांडणी भिंतीला न बांधता घराच्या मेढीला किंवा खांबाला पट्टीने बांधावी. कुडावर भार टाकला तर कूडच ओढला जाईल.

शेवटी तेल-रंग. बरेच जण जळके इंजिन ऑइल फासतात. वाळवी त्याने थोडी दूर राहते खरी, पण वापरलेल्या ऑइलमध्ये कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्ये असतात आणि या मांडणीला रोज हात लागणार आहे. तेव्हा ते नको. जवसाचे तेल दोन-तीन पातळ हातांनी चोळले तर चांगले संरक्षण मिळते, मात्र तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना तापते आणि ढिगात दडलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती उन्हात पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी. कोकणात होड्यांना आणि घराच्या लाकडांना काजूच्या टरफलाचे तेल लावायची रीत आहे. ते किडीला आणि पाण्याला उत्तम अटकाव करते, पण कातडीवर फोड उठवते, म्हणून लावताना हातमोजे हवेत आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नये. ओल्या लाकडावर यांतले काहीही लावले तर ओल आतच कोंडते आणि लाकूड आतून कुजते.

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी मांडणी एकदा रिकामी करावी. पायांभोवती मातीची नळी, पट्ट्यांखाली पिवळसर पूड, दगडाजवळ काळे पडलेले लाकूड दिसते का ते पाहावे. हत्यारांवर मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवावा. खाद्यतेल चालत नाही, ते चिकट होऊन धूळ धरते. पहिल्या वर्षी लाकूड आणखी थोडे आकसते, त्यामुळे दुसऱ्या उन्हाळ्यात सगळे स्क्रू एकदा आवळावे लागतात. तेव्हा एखादी पट्टी खाचेत हलताना आढळली तर नुसता स्क्रू आवळून भागत नाही. ती काढून खाचेत सागाची पातळ चकती गोंदाने बसवावी, मग पट्टी परत घालावी.